दहावी वही

माझी माय आयुष्यात दोनच अक्षरं लिहायला शिकली, तीही मी पाचवीत गेल्यावर. स्वतःचं नाव तिला शेवटपर्यंत लिहिता आलं नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, जिथं सही मागत तिथं ती डावा अंगठा पुढं करायची. पण ‘राम’ हे नाव तिनं जवळजवळ लाख वेळा लिहिलं. जवळजवळ म्हणते, कारण मला नेमका आकडा ठाऊक आहे आणि तो लाख नाही. ती गेली त्या वर्षाची ही हकीकत आहे. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही. दादांना, म्हणजे वडिलांना नाही, नवऱ्याला नाही. आता मायच्या वयाच्या कितीतरी पुढं आले आहे, तेव्हा एकदा नीट क्रमानं लिहून ठेवावी म्हणते.

आम्ही मुकुंदवाडीत राहायचो, स्टेशनच्या अलीकडं, पत्र्याच्या दोन खोल्यांत. गावाकडं चुलत्यांच्या हाती थोडी जमीन होती, पण दादांना वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि आम्ही शहरात आलो. पहिल्या शिफ्टची बस कोपऱ्यावर दोनदा भोंगा वाजवायची. पहिल्या भोंग्याला दादा चहा संपवायचे, दुसऱ्याला पळायचे. दुपारी ते परत येईपर्यंत घरात मी, माय आणि पत्र्यावर चालणाऱ्या चिमण्या. माझ्या पाठची दोन भावंडं जगली नाहीत, त्यामुळं मायचं सगळं लक्ष माझ्यावर, आणि माझं तिच्या श्वासावर. तिला लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. त्या तापानं काळजाची झडप खराब केली, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा आणि शेजारी त्याला ‘वॉल’ म्हणायचे. वॉल गेलाय. जणू नळाचाच गेला असावा.

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, तेव्हापासून आमच्या घरात दोन पातेली चढू लागली. एक आमचं, येसराच्या आमटीचं, लसणाच्या फोडणीनं पार गल्लीपर्यंत वास जाणारं. दुसरं मायचं, अळणी. काही दिवसांनी दादांनी स्वतःची वाटीही अळणी पातेल्यापुढं धरली. माय म्हणाली, “तुमाला काय झालंय मीठ सोडायला? वॉल माझा गेलाय.” दादा म्हणाले, “दोन दोन पातेली घासून तुझाच जीव जातोय.” भाकरीचा घास मोडून त्यांनी त्या पाणचट आमटीत बुडवला आणि तोंड वाकडं न करता खाल्ला. मी मात्र मीठ खात राहिले. हेही लिहून ठेवते.

वह्या आणल्या मथुरामावशींनी. त्या आमच्या नात्यातल्या नव्हत्या. गल्लीच्या टोकाला राममंदिर होतं, त्याची झाडलोट त्या करायच्या आणि आजूबाजूच्या बायकांना रामनामाच्या वह्या वाटायच्या. पानात शंभर चौकोन, वहीत शंभर पानं. एका चौकोनात एक नाम, लाल शाईनं. दहा वह्या भरल्या की लाख. लाख झाले की वह्या पैठणला गोदावरीत सोडायच्या. माय म्हणाली, “मावशी, मला पाटी धरता येत नाय, वही कुठून धरू?” मावशी म्हणाल्या, “भाकरी थापती ना? दोन अक्षरं त्याहून सोपी हायेत.”

मग रोज दुपारी आमच्या ओट्यावर शाळा भरू लागली. मावशींची शिकवायची रीत वेगळीच होती. अक्षर काढून दाखवायच्या आधी त्या तोंडानं म्हणायला लावायच्या. “‘रा’ म्हन. काय झालं? तोंड उघडलं. आत जे काय साचलंय, राग, लोभ, मागच्या जन्माचं पाप, ते समदं भाईर पडलं. आता ‘म’ म्हन. ओठ मिटले. भाईर गेलेलं परत आत यायला वाट नाय. म्हनून पुरं नाम घ्यायचं. निस्तं उघडून ठिवलं तर काय उपेग?” माय जरा विचार करून म्हणाली, “मावशी, माझ्या आत पाप कमी अन् पानी जास्त साचलंय, डॉक्टर मनला. ते बी जाईल का भाईर?” मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हनून तर बघ.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी एक अर्थ सांगितला. र म्हणजे विस्तव, आ म्हणजे सूर्य, म म्हणजे चंद्र. आधी जळतं, मग उजेड पडतो, मग निवतं. तिन्ही मिळून एक नाव. माय म्हणाली, “आमची चूल बी रोज तेच करती.” यावर मात्र मावशी पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या मते मायला तो अर्थ मावशींपेक्षा जास्त कळला होता. पुढं मी हेच अर्थ कीर्तनांत, पुस्तकांत, मोठमोठ्या शब्दांत ऐकले. पण ‘म’ म्हटलं की निवतं, ही गोष्ट मला चुलीच्या राखेसारखी दिसते ती मायमुळंच.

अक्षरं तिनं आपल्या परीनं ओळखीची करून घेतली. ‘रा’ म्हणजे काठी शेजारी ठेवून बसलेला म्हातारा. ‘म’ म्हणजे टोकाला गाठ मारलेला पदर. पहिल्या वहीत म्हातारा सारखा पडायचा आणि गाठ सुटायची. तिसऱ्या वहीपासून हात बसला. भांडी झाली की ती भिंतीला पाठ लावून, मांडीवर पाट घेऊन बसायची. पाटावर वही, हातात दादांनी आणलेलं लाल शाईचं पेन. आधी ओठ उघडायचे, मग मिटायचे, मग पेन चालायचं. असं प्रत्येक चौकोनाला. मी शाळेतून आले की पान मोजायचं काम माझं. शेवटच्या पानाच्या मागं मी तक्ता आखला होता. वार, पानं, एकूण. माय तो तक्ता दादांना कौतुकानं दाखवायची. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं, पण रेघा सरळ आहेत एवढं कळायचं. आज मी कार्यालयात दिवसभर याद्या करते, घरी फ्रिजवर याद्या लावते, मुलगी चिडवते. ही सवय कुठून लागली ते तिला माहीत नाही.

नवव्या वहीपर्यंत सगळं बरं चाललं. मग तिच्या पायांवर सूज आली आणि चार पावलांत धाप लागू लागली. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल, बोलावणं आलं की लगेच निघायचं, असं ठरलं. दादांनी कपड्यांची पिशवी भरून खुंटीला अडकवून ठेवली. माय म्हणाली, “जायच्या आधी दहावी वही व्हायला पायजे. मधीच सोडून जानार नाय.” दादांचा देवाधर्मावर फार विश्वास नव्हता. ते म्हणाले, “अगं, वही पुन्याला घेऊन जाऊ.” ती म्हणाली, “तिथं मला उघडून ठिवल्यावर कोन लिहिनार?” दादा उठून बाहेर गेले.

दहाव्या वहीची चौदा पानं तिनं लिहिली. पंधराव्याला म्हाताऱ्याची काठी चौकोनाबाहेर गेली. तिनं पेन माझ्याकडं दिलं. “शोभे, आता तू लिही. मी इथं पडून आयकते. पन तोंडानं म्हन. म्हटल्याबगर लिहायचं नाय.” मी मान हलवली.

पहिलं पान मी तसंच लिहिलं. म्हणत म्हणत. दुसरंही. मग मला कंटाळा आला, आणि त्याहून वाईट म्हणजे मला युक्ती सुचली. शाळेत बाई शिक्षा म्हणून एकच ओळ शंभरदा लिहायला लावायच्या. तेव्हा आम्ही सगळ्या मुली उभं लिहायचो. आधी पहिला शब्द वरून खाली, मग दुसरा, मग तिसरा. हात त्याच वळणानं फिरतो, वेळ निम्मा लागतो. मी तेच केलं. आधी लिहिलेली ती दोन पानंही मला पुरेशी नीट वाटेनात. मी ती ब्लेडनं अलगद कापून काढली, त्यांच्या जागी तसेच चौकोन आखून कोरी दोन पानं डकवली, आणि पंधराव्या पानापासून सगळ्या चौकोनांत नुसता ‘रा’ काढत सुटले. ‘म’ नंतर एकदम भरू. तोंडानं काही म्हणायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या घरात रेडिओ लागलेला असायचा, मी गाण्यावर पाय हलवत लिहायची. माय डोळे मिटून पडलेली. मधेच विचारायची, “म्हनती ना?” मी म्हणायची, “मनात म्हणते.” पाच दिवसांत मी वहीच्या शेवटच्या पानापर्यंत पोचले. शहाऐंशी पानं, प्रत्येक चौकोनात काठीवाला म्हातारा आणि शेजारी रिकामी जागा. तक्त्यात मी लिहिलं, ‘अर्धं काम पूर्ण’. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सहाव्या दिवशी मथुरामावशी आल्या. मायच्या पायांवरून हात फिरवला, अंगठ्यानं दाबून सूज पाहिली, आणि सहज वही उघडली. एक पान उलटलं. दुसरं. मग त्या भराभर पानं उलटत गेल्या आणि त्यांचा चेहरा बदलत गेला.

“हे कुनी केलं?”

मी म्हटलं, “मी. ‘म’ नंतर करणार होते.”

“नंतर?” मावशी हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “पोरी, तुला समजावून सांगितलं व्हतं ना? हे काय गिरवायचं पुस्तक हाय? इतकी नामं तू निस्ती उघडून ठिवली. समदी दारं सताड उघडी.” मग मायकडं वळून म्हणाल्या, “ही वही धरता येनार नाय. मी कोरी आनून देते. पहिल्यापासून लिहा.”

माय भिंतीला टेकून बसली होती. काही दिवसांपासून ती तोंडानं श्वास घ्यायची. नाकानं पुरत नसे. ओठ सतत उघडे, कोरडे पडलेले. मी तिच्याकडं पाहिलं आणि त्या क्षणी माझ्या अकरा वर्षांच्या डोक्यात जे जुळलं, ते पुढं कितीतरी वर्षं सुटलं नाही. दारं मी उघडी ठेवली, आणि म्हणून मायचं तोंड मिटत नाही.

माझ्या मुलीच्या वयाचं कुणी असं म्हणालं असतं तर मी तिला जवळ घेऊन झडपेचं चित्र काढून दाखवलं असतं. मी ते चित्र नंतर स्वतःसाठी काढलंही. त्यानं समजतं, पण जात नाही.

“कोरी वही नको,” माय म्हणाली. “तेवढा येळ कुठं हाय? आन ती वही हिकडं.” मावशींनी दिली. मायनं पंधरावं पान उघडलं, चौकोनांवरून बोट फिरवलं. “अक्षर लई चांगलं हाय हिचं,” असं म्हणून तिनं मला जवळ बोलावलं. मी गेले नाही. ती म्हणाली, “ये की. मारायला हात उचलतोय व्हय माझा?” मी गेले. “हे बघ. तू ‘रा’ म्हन. मोठ्यानं म्हन. मी ‘म’ म्हनते अन् लिहिते.”

मावशी म्हणाल्या, “असं चालत नाय, बाई. एका तोंडानं पुरं नाम घ्यावं लागतं.”

माय म्हणाली, “कामून चालत नाय? ही काय परकी हाय? माझ्याच पोटातून आली.”

मावशी उठल्या. जाताना दारात म्हणाल्या, “मला नाय ठाऊक. त्याला ठाऊक.” आणि वर पत्र्याकडं हात केला.

असे वीस दिवस गेले. शाळा सुटली की मी पळत घरी यायची, दप्तर टाकायची आणि मायच्या पाटाशेजारी बसायची. मी ‘रा’ म्हणायची. ती वाट बघायची, श्वास घ्यायची, मग ओठ एकमेकांना लावायची. ते मिटवायला तिला जोर लागायचा. मिटलेल्या ओठांमागं श्वास थांबायचा, ‘म्’ असा घुमायचा, तेवढ्यात पेननं गाठ मारलेला पदर काढायचा, आणि मग ओठ सुटून हवा आत जायची. पाण्याखालून वर आल्यासारखी. मग पुढचा चौकोन. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, “माय, ‘म’ पण मी म्हणते, तू नुसतं बघ.” ती म्हणाली, “तुझं झालंय. हे माझं हाय.” कधी मी घाईनं ‘रा’ म्हटलं की ती डोळ्यांनी थांबवायची. कधी म्हणायची, “आज शाळेत काय खाल्लं?” मी धपाटं आणि जवसाची चटणी सांगायची. ती म्हणायची, “मीठ व्हतं का बरोबर?” शेजारीण करून देत होती डबा, मायला चव बघता येत नव्हती. मी म्हणायची, होतं. मग पुन्हा, रा. म्.

दादा पहिल्या शिफ्टहून येत तेव्हा आम्ही बसलेल्या असायचो. ते दारातच थांबायचे. एकदा म्हणाले, “बास कर आता. श्वास पुरत नाय अन् ह्या उद्योगात घालवतीस.” माय म्हणाली, “श्वास कशात तरी घालवायचाच की.” त्या दिवशी दादांनी चहा केला, तिच्यासमोर बशी धरली, आणि ती पिऊन होईपर्यंत वही स्वतःच्या मांडीवर धरून बसले. पण उघडून पाहिली नाही.

मी रोज मोजायची. पहिल्या दिवशी पाच पानं झाली होती. मग चार. मग तीन. शेवटी शेवटी दोन, आणि तीही संध्याकाळ व्हायला येईपर्यंत. मी तक्त्यात लिहायची आणि उरलेल्यांना रोजच्या पानांनी भागायची. भागाकारातून येणारा शेवटचा दिवस सारखा पुढं सरकत होता. मला अकराव्या वर्षी तो उलगडा झाला की एखादं काम कमी होत असतानाच दूर जाऊ शकतं. पुण्याचं बोलावणं आलं. परवा निघायचं ठरलं. मी शाळेत गेले नाही.

त्या दुपारी आम्ही एकोणनव्वदावं पान लिहीत होतो. उन्हानं पत्रा कडकड वाजत होता, माय घामानं भिजली होती आणि तिच्या नखांचा रंग निळसर झाला होता. एका ‘म’साठी आता तीन श्वास लागत. मधेच ती पाटावर डोकं टेकवायची आणि मला वाटायचं झोपली, पण मग कपाळ न उचलताच ती म्हणायची, “म्हन ना.” मी ‘रा’ म्हणायची. माझा घसा बसला होता. शेवटच्या ओळीत दहा चौकोन राहिले, मग सहा, मग दोन. शेवटच्या चौकोनात तिनं गाठ मारली आणि पेन हातातच राहिलं.

“किती राहिली?” तिनं विचारलं.

अकरा पानं. अकराशे चौकोन. तो आकडा माझ्या डोक्यात सकाळपासून होता. मी उभ्या आयुष्यात कुठल्या नोंदीत खाडाखोड केलेली नाही. सह्या, हजेऱ्या, नोंदवह्या, सगळं कुणीही कधीही उघडून बघावं असं. पण त्या दिवशी मी तिच्या हातातली वही घेतली, मिटली आणि म्हटलं, “झाली, माय. एवढीच होती.”

“मोजली?”

“मोजली.”

“लाख?”

“लाख.”

तिनं हात पुढं केला. मी वही परत दिली, न देऊन काय केलं असतं. तिनं ती उघडली नाही. मांडीवर आडवी धरली आणि अंगठा कडेवरून फिरवला, बायका जत्रेत लुगड्याचा पोत बघतात तसा. जिथपर्यंत तिनं लिहिलं होतं तिथपर्यंतची पानं शाईनं आणि तिच्या घामानं फुगली होती. त्यापुढची थोडी अजून सपाट होती. अंगठा तिथं आला, थांबला. अक्षरं तिला दोनच यायची, पण जाडी कळायला अक्षर लागत नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मान खाली घातली नाही, तेवढंच मला जमलं.

“बरं झालं,” ती म्हणाली. “थकली असशील. पेनाला टोपन लाव, शाई वाळंल.”

मी टोपण लावलं. तिनं वही उशाखाली सारली आणि भिंतीकडं कूस बदलून पडली. दादा यायला अजून तासभर होता. मी पाटावर बसून तिच्या पाठीकडं बघत राहिले. पाठ वर जात होती, खाली येत होती, आणि मी मनातल्या मनात प्रत्येक वेळी मोजत होते, आकडे न लिहिता, पहिल्यांदाच.